तेरेक-बुलाकच्या वेशीवरचा दंड

१

असिलकानला अतिवेगाबद्दल दंड झाला, ही बातमी तेरेक-बुलाकमध्ये पसरली तेव्हा गाव आधी पोट धरून हसले आणि मग एकाएकी गप्प झाले.

हसण्याचे कारण उघड होते. सरोवराच्या दक्षिण काठावर तिच्यासारखी नियमाची पक्की बाई दुसरी नव्हती. पाटीवर चाळीस लिहिले असेल, तर तिच्या बसचा काटा चाळीसवर जणू खिळा ठोकून बसवलेला असे. तिच्या मागे अडकलेले लोक भोंगे वाजवून थकत आणि मग नाइलाजाने, कित्येक वर्षांनी प्रथमच, समोरच्या बर्फाच्या शिखरांकडे पाहू लागत.

गप्प होण्याचे कारण त्या पिवळ्या बसमध्येच होते. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या चालकावर वेगाचा एक जरी दंड कायम झाला, तर जिल्ह्याचे शिक्षण कार्यालय बसची किल्ली काढून घेई. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि कबूल करणे म्हणजे ती बस दुसऱ्याच्या हाती जाणे.

दंडाचा निरोप फोनवर आला तेव्हा असिलकानची सासू शारापात अंगणात जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या पुसत होती. शारापातने उभी हयात पोलीस खात्यात तपास-अधिकारी म्हणून घालवली होती. निवृत्तीनंतर तिच्या वाट्याला बरण्या आल्या, आणि त्यांच्याकडेही ती संशयिताकडे पाहावे तशीच पाही.

"एने, हे बघा," सून फोन पुढे करत म्हणाली. "ब्याऐंशी! साठच्या हद्दीत ब्याऐंशी! मी!"

"ओरडू नकोस. बरण्या तडकतील. ब्याऐंशीने चालवत होतीस का?"

"गावाबाहेरच्या उतारावर असेन. तिथे नव्वद चालतात. शनिवारी मुलांना जिल्ह्याच्या गाण्याच्या स्पर्धेहून आणत होते. मेलिसच्या घरच्या तोईचं जेवण चुकू नये म्हणून सगळी माझ्या मानेवर बसली होती, 'एजे लवकर, एजे लवकर'. पण गावाची पाटी दिसली की मी साठच्या खाली. ती सवय माझ्या पायाला आहे, डोक्याला विचारावं लागत नाही."

"आणि शनिवारी पाटीपाशी ब्रेक मारलास?"

"मारला! ऊन डोळ्यांवर होतं, पण पाटी दिसली. ब्रेक मारला, गियर बदलला, खिडकीतून बोर्सोकचे गोळे तळल्याचा खमंग वास आत आला, पोरं ओरडली 'तोई, तोई!' सगळं आठवतंय मला." ती थांबली. "गाव त्या दिवशी जरा लांबच वाटलं, एवढंच. दमले असेन."

शारापातने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि दंडासोबतचे छायाचित्र पाहिले. पिवळी बस, काचेआड असिलकानचा गंभीर चेहरा, बसच्या धडाने झाकलेला अर्धा रस्ता. मागे शरदात पिवळे पडलेले पॉप्लर, आणि त्यांच्या पायाशी वेशीवर मासे विकणाऱ्या तुर्सुनायची मोठी छत्री. छत्रीच्या काड्यांना धुरावलेले मासे टांगले होते. दुपारच्या उन्हात ते मासे तांब्याच्या पानांसारखे दिसत होते.

"मॉस्कोला फोन केला होता," असिलकान म्हणाली. "तुमचे चिरंजीव म्हणतात, भरून टाक, विषय संपव."

"त्याचा बापही असेच विषय संपवायचा. घरातली निम्मी भांडी त्या संपलेल्या विषयांत फुटली." शारापातने बरणी खाली ठेवली. "कॅमेरा खोटं बोलत नाही आणि तूही बोलत नाहीस. तेव्हा खोटं बोलणारं तिसरं कुणीतरी आहे."

तेवढ्यात फाटक वाजले. गावचा प्रमुख तोलोमुश टोपी हातात घेऊन आत येत होता. चहा मिळायच्या आधीच त्याने एक वाक्य म्हटले, आणि ते ऐकून शारापातच्या जुन्या हाडांत झोपलेला तपास-अधिकारी उठून बसला.

"एजे, दंड भरून टाका. आजच्या आज."

२

तोलोमुश भला माणूस होता. भली माणसे खोटे बोलतात तेव्हा त्यांचे कान लाल होतात, हे शारापातला ठाऊक होते. त्याचे कान पिकलेल्या सफरचंदांच्या रंगाचे झाले होते.

"इतकी घाई का रे?" तिने त्याच्यापुढे वाटी सरकवली. "मी तर म्हणते, कॅमेराच बिघडलाय. अर्ज टाकू, तपासू दे त्यांना."

"नको, नको! एजे, तो कॅमेरा मी किती खेटे घालून आणलाय! आठवतं ना, वेशीपाशी ट्रकखाली पोरगी जाता जाता वाचली? तक्रार गेली की जिल्ह्याचा माणूस येणार. पाटी कुठे, खांब कुठे, मधलं अंतर किती, सगळं मोजत बसणार. वैतागून कॅमेराच काढून नेला तर?"

"आणि माझी बस?" असिलकानने विचारले. आवाज शांत होता, पण हातातल्या फडक्याला तिने असा पीळ दिला होता की त्यातून पाणी टपकत होते.

तोलोमुशने मान खाली घातली. "मेलिसला सांगू काही दिवस. त्याच्याकडे परवाना आहे. मागे अर्जही केला होता त्याने."

"मेलिस? तो ट्रॅक्टर वळवताना स्वतःचंच कुंपण पाडतो!"

"म्हणूनच कुंपण नवं असतं त्याचं नेहमी," शारापात म्हणाली आणि तोलोमुशला फाटकापर्यंत पोहोचवून आली. परतताना तिच्या चालीत तरुणपण आले होते.

"काय झालं, एने?"

"मी त्याला कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं. त्याने मला पाटीबद्दल का सांगावं?"

३

वेशीवर वारा पॉप्लरची पाने मोजून टाकावीत तशी एकेक टाकत होता. गावाच्या नावाची पांढरी पाटी आपल्या लोखंडी खांबावर, आपल्या जागी, निष्पाप चेहऱ्याने उभी होती. तिच्या आत, गावाच्या बाजूला, कॅमेऱ्याचा उंच खांब, आणि त्याच्याही आत गावातले पहिले घर, मेलिसचे. पाटी, कॅमेरा, घर. या क्रमात काही खोट काढण्यासारखे नव्हते.

पाटीच्या खांबाला मात्र धुरावलेल्या माशांच्या माळा लटकल्या होत्या, आणि शेजारी छत्रीखाली तुर्सुनाय कुरुतच्या, वाळवलेल्या दह्याच्या, पांढऱ्या गोळ्यांच्या राशी रचत बसली होती.

"या, एजे! मासा चाखा. कालच पकडलेला. म्हणजे, नवऱ्याने पकडलाय. मी फक्त नवऱ्याला पकडलंय."

शारापातने कुरुतची एक गोळी तोंडात टाकली. तिच्या खारटपणाने गाल आत ओढले गेले. "मासे नेहमी पाटीलाच टांगतेस?"

"कुठे टांगू? इथे गाड्या हळू होतात. म्हणजे असिलकानची तरी होते. बाकीचे मेले पाटीकडे बघतात कुठे! कॅमेरा दिसला की चाकं कशी किंचाळतात ऐका एकदा. पाटीसाठी ब्रेक मारणारी ती एकटीच."

शारापात चघळायची थांबली. हे वाक्य तिने मनात घडी घालून ठेवले.

"मग शनिवारी मासे छत्रीला का टांगले होतेस?"

तुर्सुनायचा हात राशीवर थबकला. एक गोळी घरंगळत रस्त्यावर गेली. "वारा होता. माळा आपटत होत्या."

"आज शनिवारपेक्षा जास्त वारा आहे, तुर्सुनाय."

"एजे, मी गरीब बाई, मला कशाला—"

"तू गरीब नाहीस आणि मी आता पोलीस नाही. नुसती सासू आहे."

"त्याचीच भीती जास्त," तुर्सुनाय पुटपुटली. आणि घरंगळलेली गोळी उचलायला उठली.

शारापात खाली वाकली. खांबाच्या बुडाशी दगड रचले होते, आणि त्या दगडांच्या खालच्या, मातीने ओल्या बाजू वर आलेल्या होत्या. कुणीतरी ते उपसून पुन्हा बसवले होते. खांबावर, मधल्या सांध्यात, दोरीचा एक तुटका धागा अडकला होता. तिने तो चिमटीत धरून उन्हाकडे केला.

काळी आणि पांढरी लोकर, एकत्र पिळलेली.

अशी दोरी सामानसुमान बांधायला कुणी वळत नाही. मूल पहिली पावले टाकू लागले की त्याच्या पायांना ती बांधतात. मग शर्यत जिंकून आलेले माणूस ती कापते, आणि मूल मोकळ्या पायांनी जगाकडे चालू लागते. शनिवारी मेलिसच्या मुलाची हीच तोई होती.

शारापातने मेलिसच्या घराकडे पाहिले. धुराड्यातून धूर निघत होता, आणि कुंपण, अर्थातच, नवे होते.

४

"बस?" मेलिस वेल्डिंगचा मुखवटा वर करून मोठ्याने हसला. "एजे, तो अर्ज मी लग्नाआधी केला होता. एकदा असिलकान आजारी असताना पोरं नेली ना! तिघं ओकली, एक रडलं, आणि एकीने मला गाडी चालवताना नियम शिकवले. पुन्हा नाव नको!"

तो थापा मारत नव्हता. नाइलाजाने का होईना, शारापातला ते मान्य करावे लागले; त्याच्या कानांचा रंग जसाच्या तसा होता.

"तोई छान झाली," ती अंगणावरून नजर फिरवत म्हणाली. कुंपणाच्या बाहेरच्या कोपऱ्यात, गावाच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडेला ताज्या मातीचा एक गोल ठिपका होता. त्यावर अजून गवत फिरकले नव्हते.

"छान? एजे, आजोबा आले!" मेलिसचा आवाज मऊ झाला. "ओस्मोनकुल आजोबा आले माझ्या दारात. मी पाया पडून सांगितलं होतं, पणतवाला आशीर्वाद द्यायला तरी या. म्हणाले, 'तुझं घर पाटीच्या आत आहे हे तुझं दुर्दैव. त्या पाटीच्या आत मी पाय ठेवणार नाही.' आणि शनिवारी बघतो तर स्वतःहून फाटकात उभे! मी काही बोललोच नाही. बोललो असतो आणि ते परत फिरले असते, तर?"

कुणीच काही बोलले नव्हते. शारापातही त्या तोईत होती. घोड्यावरून बकरे ओढण्याच्या खेळात एका हिवाळ्यात ओस्मोनकुलचे तोलोमुशच्या बापाशी भांडण झाले होते. बकरे कुणाच्या हातून पडले, एवढाच वाद. ओस्मोनकुलने शपथ घेतली आणि वेशीबाहेरच्या जर्दाळूच्या बागेत राहायला गेला. तोलोमुशचा बाप मेला, बागेतली झाडे म्हातारी झाली. शपथ मात्र ताठ होती. शनिवारी त्या वृद्धाने तळवे उघडून आशीर्वाद दिला, तेव्हा सगळ्या अंगणाने श्वास रोखला होता. गावाला वाटले, पणतवाने जिंकले.

"पायांची दोरी कुणी वळली होती रे?"

"तोलोमुश बाइकेंच्या बायकोने. सुंदर वळतात वहिनी. पण आणली केव्हा? पाहुणे जेवायला बसल्यावर! माझी बायको दारात उभी राहून नखं खात होती."

वाऱ्याबरोबर स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला. उरलेल्या पिठाचे बोर्सोक. शारापात जागच्या जागी थिजली. वास इथे येत होता. कॅमेऱ्यापाशी येत नव्हता, पाटीपाशी तर मुळीच नाही. असिलकानने पाटी पाहिली, ब्रेक मारला, आणि हा वास तिच्या खिडकीतून आत शिरला.

"मेलिस," ती म्हणाली, "संध्याकाळी माझ्याकडे चहाला ये. आणि येताना तुर्सुनायला धरून आण. तिने मासे आणले तर नाही म्हणू नकोस."

५

संध्याकाळी सगळे शारापातच्या चटईवर बसले. मधल्या कापडावर ब्रेड, मुरंबा आणि, अपेक्षेप्रमाणे, मासे होते. तोलोमुश दाराजवळ बसला होता. प्रमुखाला सन्मानाच्या जागी ये म्हटले तरी तो आला नाही.

"गोष्ट साधी आहे," शारापात चहा ओतत म्हणाली. "या गावात एकच बाई पाटी बघून वेग कमी करते. बाकी सगळे कॅमेरा बघून करतात. तेव्हा पाटी जागची हलली, तर या गावात फक्त एकाच माणसाला दंड होईल. जो नियम पाळतो त्याला."

असिलकानच्या हातातला ब्रेड तसाच राहिला. "पाटी हलली?"

"शनिवारी पाटी कॅमेऱ्याच्या बाहेर नव्हती. ती मेलिसच्या घराच्याही आत होती. तोईच्या गडबडीत आम्ही सगळे तिच्या जवळूनच गेलो, पण या गावात पाटी बघतं कोण! तू कॅमेऱ्यासमोरून उतारावरच्या वेगाने गेलीस, कारण तुझ्या लेखी गाव अजून आलंच नव्हतं. मग पाटी आली, ब्रेक लागला, आणि बोर्सोकचा वास आत आला. गाव लांब वाटलं म्हणालीस ना? ते लांबच गेलं होतं."

"मी सांगते, मी सांगते!" तुर्सुनायला राहवले नाही. "शनिवारी सकाळी आले तर माझा खांब गायब! मला वाटलं माझ्या माशांमुळे उपटला. तोलोमुश बाइके कितीदा ओरडले होते, सरकारी खांब आहे, खुंटी नाही! मग म्हटलं गप्प बसावं, छत्री तरी राहील."

"अरे, मग खड्डा!" मेलिस ओरडला. "माझ्या कुंपणाशी कुणी खड्डा केला म्हणून मी शेजाऱ्याच्या कुत्र्याला दगड मारले!"

"त्या कुत्र्याची माफी माग. आता प्रश्न कुणी केलं याचा. तुर्सुनायने नाही, तिची खुंटीच गेली. मेलिसवर माझा संशय होता; खड्डा त्याच्या कुंपणाशी आणि फायदा त्याच्या घराला. पण घाईत खणलेल्या उथळ खड्ड्यात पाटी डुलत होती, म्हणून ती कुंपणाला बांधावी लागली, या दोरीने." तिने काळा-पांढरा धागा कापडावर ठेवला. "म्हातारा आला, तेव्हा पाटी उभी होती, म्हणजे ती पाहुण्यांच्या आधीच बांधली गेली. आणि ही दोरी मेलिसच्या घरात पाहुणे जेवायला बसल्यावर आली. त्याआधी ती एकाच घरात होती."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. तोलोमुशचे कान आता सफरचंदांच्याही पुढे गेले होते.

"बाबा जाताना म्हणाले होते," तो अखेर म्हणाला, "बकरं माझ्याच हातून पडलं होतं, ओस्मोनकुल खरं बोलत होता. त्याला एकदा गावात आण. मी किती वेळा बागेत गेलो, एजे! ते मला जर्दाळू देऊन परत पाठवायचे. मग तोई ठरली, तेव्हा वाटलं, ते गावात येत नाहीत, तर गाव थोडं मागे सरकेल. एका दिवसापुरतं. मी पहाटे एकट्याने केलं. बांधायला हाताशी आली ती बायकोने वळलेली दोरी; तिला घाईने दुसरी वळावी लागली. दुसऱ्या दिवशी पाटी जागेवर ठेवली. ही दंडाची भानगड माझ्या डोक्यातच आली नाही."

"कशी येईल? तूही कॅमेरा बघूनच ब्रेक मारतोस," शारापात म्हणाली, आणि कुणाला हसावे की रडावे ते कळेना.

"चला, मग सुटलंच!" मेलिस म्हणाला. "अर्ज करायचा, पाटी हलली होती असं सांगायचं, दंड रद्द!"

"आणि आजोबा?" तोलोमुशने विचारले. "सुनावणीत हे सगळं उघड बोलावं लागेल. गावभर होईल. ओस्मोनकुल आजोबांना कळेल की ते पाटीच्या आत येऊन गेले, मी त्यांना फसवून शपथ मोडायला लावली. या वयात! ते आशीर्वाद दिलेला हात पुन्हा कुणासमोर उघडतील का?"

मेलिस आपल्या करपलेल्या बोटांकडे पाहत बसला. दंड लढवावा की नाही, या सरळ प्रश्नाच्या पोटात एवढा मोठा माणूस लपलेला असेल असे कुणाला वाटले नव्हते.

असिलकानने ब्रेड खाली ठेवला. "मी भरते दंड."

"पोरी—"

"एने, मी चूक केली नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही. त्यांची शपथ माझ्या बसपेक्षा जुनी आहे." ती उठली, आणि उगाचच, रिकाम्या वाट्या पुन्हा धुवायला घेऊन गेली.

शारापातने आयुष्यात अनेक गुन्हेगार शोधले होते. एवढा निर्दोष गुन्हेगार आणि एवढे निरुपयोगी उत्तर तिच्या वाट्याला कधी आले नव्हते.

६

सकाळी शारापात बसमध्ये पुढच्या आसनावर बसली. शेवटची फेरी सुनेने एकटीने करू नये, एवढेच तिचे म्हणणे होते. दूरच्या वाड्यांवरची मुले घेऊन बस गावाकडे परतत होती. सरोवरावर धुके उतरले होते. पलीकडचा किनारा कुणी सांगता सांगता विसरून गेलेल्या वाक्यासारखा अर्धवट दिसत होता.

बागेपाशी रस्त्यावर एक काठी आडवी झाली. काठीमागे उंच पांढऱ्या टोपीत ओस्मोनकुल उभा होता, ज्याला वडीलधारा म्हणून सारे अक्साकाल म्हणत.

असिलकानने बस थांबवली. वृद्ध वर चढला, आणि पुढच्या मुलाने न सांगता जागा दिली.

"दंडाचा काय गोंधळ आहे म्हणे?" त्याने बसता बसता विचारले. "मेलिस आला होता रात्री. रडत होता गाढव. सगळं सांगून टाकलं, आणि वर म्हणतो, तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

शारापातने डोळे मिटले. "अक्साकाल, कुणाचा वाईट हेतू—"

"शारापात, तू पोलिसात होतीस ना? मग मला सांग, मी तोईला गेलो तेव्हा वाटेत काय काय लागलं? आधी तुर्सुनाय. मग तो कॅमेऱ्याचा खांब. मग मेलिसचं फाटक. आणि पाटी त्याच्या पलीकडे." म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांमध्ये काहीतरी चमकले. "गावाबाहेर कॅमेरा कुठला शहाणा माणूस बसवतो? तो खांब कोण हलवणार, सिमेंटमध्ये आहे! मला तिथल्या तिथे कळलं."

"कळलं?" असिलकान मागे वळून म्हणाली. "तरी तुम्ही आत गेलात?"

"जरा वेळ उभा राहिलो. दुरूनच बाळाचा आवाज ऐकून परतायचं, असं ठरवून निघालो होतो मी." त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "पण मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी एवढं जड लोखंड उपटलंय, खांद्यावर वाहिलंय, खड्डा खणलाय. इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला आत यायला सांगितलं. माझ्यासाठी गाव सरकवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यानंतर बाहेर उभा राहिलो असतो, तर तो हट्ट झाला असता. शपथ तिथेच संपली होती. मग मी पाय टाकला, जाणूनबुजून. माझा पाय मी स्वतः टाकला, कुणी टाकायला लावला नाही, हे त्या तोलोमुशला सांगायचं आहे मला. आणि तुमच्या त्या दंडवाल्यांनाही. पाटी कुठे होती ते माझ्याइतकं नीट कुणी पाहिलंय?"

"एवढे दिवस बोलला का नाहीत?" शारापातने विचारले.

"मला कुणी विचारलं? सगळे माझ्यासमोर अंड्यांवरून चालल्यासारखे चालत होते. म्हटलं, चालू दे, पायांना व्यायाम."

असिलकानने डोळे पुसले, आरशात पाहिले आणि बस सुरू केली.

७

अर्ज त्याच दिवशी गेला. सुनावणीला ओस्मोनकुल अक्साकाल स्वतः गेला, आणि पाटीपासून बोर्सोकपर्यंत सर्व काही इतक्या रसाळपणे सांगितले की अधिकाऱ्याने दुसरा चहा मागवला. असिलकानचा दंड रद्द झाला. तोलोमुशला सरकारी पाटी हलवल्याबद्दल वेगळा दंड झाला, आणि आपला अपराध एवढ्या आनंदाने कबूल करणारा माणूस त्या कार्यालयाने पूर्वी पाहिला नव्हता. जिल्ह्याचा माणूस अंतर मोजून गेला. कॅमेरा जागेवर राहिला. पाटीचे बूड आता सिमेंटमध्ये आहे. तुर्सुनायने ते ओले असतानाच त्यात माशांच्या माळा बांधायला एक खिळा खुपसून ठेवला.

मेलिसने कुत्र्याला हाड दिले. कुत्र्याने ते घेतले, पण मैत्री केली नाही.

आता रोज सकाळी बागेपाशी काठी आडवी होते. म्हातारा तोलोमुशच्या घरी चहाला जातो. तिथे दोघे त्या जुन्या बकऱ्याबद्दल नव्याने भांडतात, कारण तोलोमुश आता हट्टाने म्हणतो की बकरे त्याच्या बापाच्याच हातून पडले, आणि म्हातारा म्हणतो, छे, इतका वाईट घोडेस्वार नव्हता तो.

शारापातही कधी कधी उगाच बसमध्ये बसते. उतारावर बस वेग घेते, मुले गाऊ लागतात, पॉप्लर मागे धावतात. मग तुर्सुनायची छत्री दिसते, माशांच्या माळांआडून पांढरी पाटी दिसते, आणि कॅमेऱ्याच्या बऱ्याच आधी असिलकानचा पाय आपोआप खाली जातो. काटा साठच्या खाली उतरतो. मागे भोंगे वाजू लागतात.

"ब्रेक कशाला मारतेस, पोरी?" ओस्मोनकुल अक्साकाल रोज कुरकुरतो. "आधीच इतकी वर्षं उशीर झालाय मला."

"पाटी आहे, अक्साकाल," असिलकान म्हणते.